पणज्याच्या पलीकडे

श्राद्धात तीन पिढ्यांची नावे घेतात: बाप, आजा आणि पणजा. त्यामागच्यांची नावे वेगवेगळी घ्यावी लागत नाहीत आणि शास्त्राने दिलेली ही सवलत आपल्या स्मरणशक्तीने फारच मनावर घेतलेली दिसते. आपल्या महाविद्यालयातील कोणाही विद्यार्थ्यास खापरपणज्याचे नाव विचारून पाहावे. खापरपणजा म्हणजे नेमका कोण, हे तो आधी बोटांवर मोजील. ज्यांना नाव चटकन सांगता येते त्यांच्या घरी बहुधा छापलेला कुलवृत्तांत असतो, नाही तर जुने वतन असते. बाकीच्यांच्या घरी असतात ती म्हातारी माणसे, आणि तीही दर वर्षी एकदोन कमी होत जातात.

आमच्या गावात काही मंडळी महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमून गावातील घराण्यांच्या वंशावळी तयार करतात. या मंडळीला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्षही नाही. एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना मोडी वाचता येते. एक माजी कोतवाल आहेत. अंगणवाडीच्या एक बाई आहेत, ज्यांना गावातले प्रत्येक घर ठाऊक आहे. आणि माझ्यासारखी चारपाच कॉलेजात जाणारी मुले आहेत. या कामाची रीत काय, त्याला कोणती साधने लागतात आणि ती साधने कोणाला आठवतात व कोणाला विसरतात, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे. विषय इतिहासाचा असला तरी त्याची निकड मला इतिहासाच्या तासाला भासली नाही. ती भासली कचेरीच्या खिडकीपाशी.

वंशावळ ही चीज आपल्याकडे मुळात अभिमानासाठी निर्माण झालेली नाही. ती भांडणातून निर्माण झाली. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेने चालत. वतनावर दोघांनी हक्क सांगितला की दोघांनाही आपापल्या घराण्याची हकीकत लिहून द्यावी लागे. तिला करीना म्हणत. मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, थोरला कोण, कोणाचा वंश बुडाला, कोण दत्तक आला, हे सगळे त्यात येई. मग गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर होई. असे कागद वतनदारांनी प्राणापलीकडे जपले, कारण त्यावर पोट होते. वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी गावोगाव हिंडून जी दप्तरे गोळा केली त्यांत असल्या कागदांचा भरणा मोठा आहे. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने पुढे असे पुष्कळ साहित्य छापले. विसाव्या शतकात गोखले, बापट इत्यादी घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत काढले, त्यांच्या मागेही लेखनाची आणि कागद ठेवण्याची जुनी सवय होती.

आता प्रश्न असा की ज्यांच्याकडे वतन नव्हते, किंवा होते ते गावकीचे काम करण्याचे आणि त्याबद्दल बलुते मागून आणण्याचे, त्यांनी काय करावे? आम्ही कुंभार. गावाला मडकी द्यायची आणि सुगीत धान्य आणायचे. मडक्यावर कोणी नाव लिहीत नाही.

आमच्यासारख्यांना वंशावळीची गरज पडली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तीही दाखल्यापायी. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसंबंधीचा महाराष्ट्राचा कायदा २००१ पासून अमलात आहे. दाखल्यासाठी आपले कुटुंब एका ठरावीक दिवसापूर्वी या राज्यात राहत होते आणि त्याची जात तीच होती, हे दाखवावे लागते. या दिवसाला मानीव दिनांक म्हणतात. अनुसूचित जातींसाठी तो १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. अर्जासोबत वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागते. वंशावळीतल्या एखाद्या पूर्वजाचा मानीव दिनांकापूर्वीचा कागद सापडला की त्या कागदापासून अर्जदारापर्यंत धागा जुळवता येतो.

येथे गंमत पाहण्यासारखी आहे. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात जात आहे, त्या घराकडे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला मागितला जातो. वडील नववीपर्यंत शिकले. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. जमीन नव्हती, म्हणजे सातबारा नाही आणि फेरफारही नाही. धाकट्या भावाचे प्रकरण एका कार्यालयातून पुराव्याअभावी परत आले, तेव्हा घरातला एकमेव जुना कागद निघाला तो आत्याच्या जन्माच्या नोंदीची नक्कल. आत्या जन्मली कोयनेच्या भूकंपानंतर चौथ्या दिवशी. भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. मानीव दिनांक दोन महिन्यांनी चुकला होता! तेव्हापासून आमच्या घरात आत्याला उशिरा आल्याबद्दल चिडवतात. पण त्या दिवशी कोणाला हसू आले नव्हते. भावाची फी कशी भरायची, हा प्रश्न होता.

गुरुजींनी आम्हाला प्रथम जी गोष्ट शिकवली ती अशी की कागदाकडे नंतर जायचे, आधी माणसांकडे जायचे. आणि माणसांतही आधी बायकांकडे. पुरुष आपल्या भावकीचे सांगतो. बाई सासर, माहेर, नणंदांची घरे आणि जावांची माहेरे असे चार गावांचे सांगते. वहीच्या मधोमध स्वतःचे नाव लिहायचे, वर बापाचे, त्याच्या वर आज्याचे, आणि प्रत्येकाच्या अंगाला सगळी भावंडे, बालपणी गेलेलीसुद्धा. सांगणाऱ्याला तारखा विचारू नयेत. 'किती साली?' म्हटले की म्हातारे माणूस गप्प होते. 'बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का?', 'भूकंपात पाळण्यात होता की चालत होता?', 'गांधीबाबांना मारले तेव्हा लग्न झाले होते का?' असे विचारावे. मग तोंड उघडते. मागच्या पिढीसाठी खूण म्हणजे मानमोडी. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची जी साथ आली तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. घरात कोण तिच्यात गेले, हे ज्यांनी ती साथ पाहिली नाही त्यांनाही सांगता येते, इतके ते दुःख खोल उतरले आहे.

नावांचा घोटाळा फार होतो. नातवाला आज्याचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे एकाच घरात एकाआड एक पिढीत तोच धोंडी आणि तोच गणू येत राहतो. कोणता धोंडी, हे बापाच्या नावावरूनच ठरवावे लागते. जुन्या कागदांत त्यासाठी 'बिन' हा शब्द आहे: 'धोंडी बिन गणू' म्हणजे गणूचा मुलगा धोंडी. बाईच्या बाबतीत 'कोम' येतो, त्याचा अर्थ अमक्याची बायको. आडनाव मात्र सर्वांत बेभरवशाचे. पुष्कळ घरांना ते शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिले. कोणाला धंद्याचे, कोणाला गावावरून, आणि एकाच आज्याच्या दोन नातवांना दोन वेगळी आडनावे लागल्याचे उदाहरण आमच्याच आळीत आहे. जन्मतारखाही मास्तरांच्याच. जून महिन्यात शाळा सुरू होई, म्हणून १ जून लिहून मोकळे. आमच्या भावकीत सहा जणांचा वाढदिवस १ जूनला येतो.

तोंडी माहितीचा आराखडा तयार झाला की मग कागद. महसूल खात्यात गावाचे हिशेब ठरलेल्या नमुन्यांत ठेवलेले असतात. नमुना सहा म्हणजे फेरफार. सात आणि बारा मिळून आपला सुप्रसिद्ध सातबारा. यांत जमिनीच्या निमित्ताने माणूस येतो. बाप मेला, मुलांची नावे लागली, म्हणून दोन पिढ्या एका ओळीत सापडतात. ज्याला जमीन आहे त्याची वंशावळ एका दिवसात निम्मी तयार होते. ज्याला नाही त्याने नमुना चौदाकडे वळावे. ही जन्ममृत्यूची नोंदवही. गावात मूल जन्मले किंवा कोणी मेले की कोतवालाने खबर द्यायची आणि ती वहीत उतरवायची, म्हणून तिला कोतवाल बुक असेही म्हणतात. तारीख, बापाचे नाव, जात, मृत्यूचे कारण असे रकाने असतात. या वहीविषयी मला विशेष जिव्हाळा वाटू लागला आहे. गावातले दुसरे कोणतेही दप्तर माणसाला आत घेण्यापूर्वी काही ना काही मागते. जमीन तरी मागते, वतन तरी मागते, नाही तर दक्षिणा मागते. या वहीत येण्यासाठी नुसते जन्मणे पुरते. पाटलाचा नातू आणि महारवाड्यातले पोर एकाखाली एक लिहिलेले येथेच पाहायला मिळतात.

अर्थात अडचणी आहेतच. जन्म लागलीच नोंदला जाई आणि बारसे बाराव्या दिवशी होई, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी मुलाचे नावच नसते. नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि पुढे बापाचे नाव. बापाला पाच मुलगे असतील तर हा कोणता, हे भावंडांच्या वयावरून ताडावे लागते. जुन्या वह्या मोडीत आहेत. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून गेली आणि त्याबरोबर आपल्याच आजोबांचा कागद आपल्याला परका झाला. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा गावोगावच्या नोंदी वाचायला मोडी जाणणारी माणसे शोधत फिरावे लागले. तोवर जो गुरुजींचा छंद समजला जाई त्याला एकाएकी मान आला. त्यांनी आम्हाला दर बैठकीत अर्धा तास मोडी शिकवायला सुरुवात केली आहे. अक्षरे ओळखता येऊ लागली आहेत. पण एकाचे अक्षर वाचता आले म्हणून दुसऱ्याचे येईलच असे नाही. एक लिहिणारा तर इतका घाईचा होता की त्याचे लेखन म्हणजे पावसात धावणाऱ्या मुंग्या.

माझ्या आजोबांचा जन्म ज्या वर्षीचा, त्या वर्षीची वही वाळवीने खाल्लेली निघाली. पुठ्ठा शाबूत, आत माती.

कागदांखेरीज आणखी दोन ठिकाणे आहेत, ज्यांची माहिती शहरातील वाचकांना कदाचित नसेल. पहिले तीर्थोपाध्यायांचे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील उपाध्यायांकडे यजमानांच्या नावांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की ते बाड काढतात आणि तुमच्या घरचे कोण, केव्हा येऊन गेले ते वाचून दाखवतात. मग तुमची नावे त्यात भरून घेतात. दुसरे म्हणजे हेळवी. हा समाज कर्नाटकात आणि आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे फिरतो. कानडीत 'हेळु' म्हणजे सांगणे. जो सांगतो तो हेळवी, अशी या नावाची फोड करतात. सुगी झाली की बैल घेऊन हेळवी येतो, ओसरीवर बसतो आणि त्या घराण्याचा मूळ पुरुष, मूळ गाव, कुलदैवत येथपासून नावे म्हणत खाली येतो. गेल्या खेपेनंतर जन्मलेली मुले विचारून वहीत घालतो. त्याला धान्य, कपडे, भांडे, एखादे वेळी वासरूही देतात. कोणती गावे कोणत्या हेळव्याची, हे त्यांच्यात वाटून ठरलेले असते आणि ते बापाकडून मुलाकडे जाते.

एका मैत्रिणीच्या घरी मी हेळव्याचे वाचन ऐकले. पुस्तकातला इतिहास मला कधी इतका जवळचा वाटला नव्हता. तो नाव घेई आणि तिचे आजोबा मान डोलावत, जणू नाव घेतलेला माणूस दारातूनच आत येत होता. वाचन संपल्यावर मी विचारले, कुंभारआळीची वही तुमच्याकडे आहे का? तो म्हणाला, नाही ताई, तिथे आमचे घर नाही. 'घर' म्हणजे त्याला धान्य देणारे घर. यात त्याचा काही दोष नाही. वही चालवायला बैलाला वैरण लागते. परंतु घरी परतताना एक गोष्ट लक्षात आली, की उपाध्यायाच्या वहीत आहे तो ज्याला यात्रेला जाणे परवडले, हेळव्याच्या वहीत आहे तो ज्याच्या कणगीत दान देण्याइतके होते, आणि करीन्यात आहे तो ज्याच्याशी भांडण्याजोगे काही होते. इतिहासाच्या तासाला आपण 'साधनांची चिकित्सा' हा शब्द लिहून घेतो. त्याचा अर्थ मला त्या वाटेवर कळला.

आमचा कागद शेवटी निघाला तो जेथे कोणी शोधणार नाही तेथे, म्हणजे शाळेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. हे वाक्य मी परीक्षेत किमान तीनदा लिहिले असेल. पण ते आपल्या घराला लागू पडत असेल, असा विचार कधी मनात आला नव्हता. कारण आमच्यात पूर्वी कोणी शिकले नाही, हे घरात सगळे धरूनच चालले होते. माजी कोतवालांनी सुचवले की शाळेचे जुने जनरल रजिस्टर पाहून टाका. मुख्याध्यापकांनी कपाट उघडून दिले. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी १९२३ सालच्या नोंदींत माझ्या पणजोबांचे नाव मिळाले. वय आठ. पुढे 'बिन' आणि त्यांच्या वडिलांचे नाव. जात कुंभार. चार महिन्यांनी गैरहजेरीमुळे नाव कमी केलेले.

भावाच्या कामाला तेवढी ओळ पुरली. तिची नक्कल घेतली, वंशावळ नव्याने लिहिली, पुढचे सोपस्कार झाले. मी मात्र त्या चार महिन्यांपाशी अडून राहिले आहे. आजोबांना विचारले, तुमचे वडील शाळेत गेले होते हे ठाऊक होते का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांना अंगठा लावताना मी पाहिलेय, पण मडक्यांचा हिशेब ते भिंतीवर कोळशाने मांडायचे, तो आकड्यांनीच.

आता बायकांविषयी, कारण या कामातला सर्वांत मोठा खड्डा तेथेच आहे. दाखल्यासाठी जी वंशावळ लागते तीत बाप, आजा, पणजा अशी एकेरी ओळ पुरते. हेळवीही प्रामुख्याने पुरुषच सांगतो. लग्नात बाईचे नाव बदलण्याची चाल असल्याने माहेरचे आणि सासरचे अशी तिची दोन नावे होतात आणि कागद दोहोंची गाठ मारीत नाही. जमिनीच्या कागदांत तिला एकच जागा हमखास मिळते, ती वारसांच्या नोंदीत. नमुना सहा-क मध्ये मयताच्या मुलीही लिहिल्या जातात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क जन्मतः मिळाला. परंतु आमच्या मंडळीने जे फेरफार पाहिले त्यांत वारस म्हणून बहिणीचे नाव लागले की थोड्याच काळात हक्कसोडपत्राने ते कमी झालेले पुष्कळदा दिसते. म्हणजे ती कागदावर येते ती सही करून जाण्यासाठी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव लिहिणे शासनाने सक्तीचे केले आहे. शंभर वर्षांनी जे कोणी आमच्या गावाची वंशावळ काढतील, त्यांचे काम तेवढे हलके झाले.

आमच्या मंडळीने अंगणवाडीच्या बाईंच्या आग्रहावरून तक्त्यात एक रकाना वाढवला: प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव आणि माहेरचे गाव. सुरुवातीला पुरुषमंडळी कुरकुरली, तक्ता फार रुंद होतो म्हणाली. तो झालाच रुंद. आता तो वाचनालयाच्या टेबलावर मावत नाही, जमिनीवर अंथरावा लागतो. पण त्यातून जे दिसले ते कोणत्याही दप्तरात नव्हते. कुंभारआळीतल्या चार पिढ्यांच्या सुनांची माहेरे बहुतेक चालत एका दिवसात पोचता येईल अशी, आणि चांगली माती असलेल्या ओढ्याकाठची. आजी म्हणाली, त्यात काय नवल, पोरीला चाक ओळखीचे पाहिजे.

आजीला स्वतःची आई, आजी आणि पणजी यांची नावे व गावे तोंडपाठ आहेत. ती तिने कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारली नव्हती. तिच्या बाजूची ही ओळ आमच्या पणजोबांच्या ओळीपेक्षा एका गावाने लांब जाते.

खापरपणजीचे नाव अजून नक्की झालेले नाही. ती मानमोडीत गेली आणि पणजोबा तेव्हा अंगावरून उतरलेले लहान पोर होते, एवढे आजीने सासूकडून ऐकले आहे. १९१८ च्या आश्विन-कार्तिकातली पाने नोंदवहीत शाबूत आहेत. एरवी ज्या वहीत महिन्याला चारपाच मृत्यू, तेथे एकेका दिवसाला तितके. त्या पानांत कुंभारआळीतल्या दोन बायका सापडल्या. दोघींच्या नावापुढे 'कोम' आहे आणि पुढे नवऱ्याचे नाव एकच आहे, कारण त्या नावाचे दोघे चुलतभाऊ तेव्हा आळीत राहत होते. गुरुजींनी दोन्ही नावे तक्त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. दुसऱ्या भावाच्या घराण्यातील एक बाई राधानगरीच्या बाजूला दिलेली आहे, वय नव्वदच्या पुढे. दिवाळीच्या सुटीत तिच्याकडे जायचे ठरले आहे.